डाव्या बाजूच्या चकत्या

२० फेब्रुवारी

बदकं! पिवळी बदकं, निळ्या पाण्यात पोहणारी. कुमतेपा बाजारातलं सगळ्यांत मऊ फलालीन हेच, असं विकणारी म्हणाली आणि पन्नाशी उलटलेली मी बदकांना भुलले. घरी येऊन गोल चकत्या कापल्या, दुपदरी शिवल्या, कडेनं टीप मारली. नाफिसानं त्या ब्रेसियरच्या आत ठेवल्या. अळवाच्या पानावरून पाणी जावं तसं दूध त्यांच्यावरून ओघळून खाली गेलं. नव्या कापडाची खळ! चकती कोरडी, सून चिंब.

खळ जावी म्हणून उकळत्या पाण्यात टाकल्या. बाहेर आल्या त्या कुरडया होऊन.

नाफिसा काही बोलली नाही. आत जाऊन झगा बदलून आली. सुना इथे, माझ्या सासरच्या मुलखात, काही बोलत नाहीत. मीही एके काळी बोलत नसे — ती चांगली सवय कधी सुटली कोण जाणे.

२१ फेब्रुवारी

ही उठाठेव कशासाठी, ते एकदा लिहून ठेवते. या घरात मराठी कळणारी मी एकटी आणि ही वही, तेव्हा मोकळेपणी.

दुकानातल्या कागदी चकत्यांनी पोरीचं कातडं सोलवटलं. ओल्या झाल्या की चिकटतात, ओढल्या की जीव जातो. म्हणून मी म्हटलं, मी शिवून देते, त्यात काय मोठंसं! (हे वाक्य मी जन्मात पुष्कळदा उच्चारलं आहे आणि दर वेळी महागात पडलं आहे.) चिल्ला, म्हणजे बाळंतपणाचे चाळीस दिवस, नवरोजच्या, म्हणजे २१ मार्चच्या, सुमाराला फिटतो. तेव्हा सगळं मार्गिलान शहर नात बघायला येणार आणि नाफिसा अतलस नेसून — नेसून काय, अतलसचा झगा घालून — पाहुण्यांसमोर बसणार. रेशमावर दुधाचा डाग पडला की कायमचा.

नात ओयदिन झाली त्या दिवशी नाफिसा मला म्हणाली होती, “आईनं मला बाटलीवर वाढवलं, ओयीजान. तिला नाही जमलं. मला जमवायचंय.” (ओयीजान म्हणजे आई, सासूलाही इथे तेच म्हणतात.) काल रात्री मात्र भिजलेला झगा पिळताना म्हणाली, “नवरोजपर्यंत हे थांबलं नाही तर मी गोळ्या घेऊन दूध आटवणार. अशी गळत लोकांसमोर नाही बसणार.” शांतपणे म्हणाली. आदळआपट केली असती तर मी इतकी घाबरले नसते.

२२ फेब्रुवारी

विहीणबाई पाळणा घेऊन आल्या. सोदिकाखोन नाव त्यांचं, बालवाडीच्या मुख्याध्यापिका आहेत. त्या खोलीत शिरल्या की मलासुद्धा हात धुऊन रांगेत बसावंसं वाटतं. पाळणा सुंदर आहे — लाल-हिरवा रंगवलेला, वर धरायला दांडा, पोर बांधायला मखमली पट्टे.

“खोलीच्या मधोमध ठेवा,” विहीणबाई म्हणाल्या. “चारी बाजूंनी फिरता आलं पाहिजे.”

“मधोमध माझं मशीन आहे.”

“मशीन बाळंतिणीच्या खोलीत कशाला?”

आता ही काय पंचाईत! चिल्ल्यात बाळबाळंतिणीला एकटं सोडायचं नाही, हा नियम कोणाचा? इथल्यांचाच. म्हणून दिवसभर मी इथे बसते, आणि बसायचंच तर शिवत बसते. सासूबाईंचं लोखंडी पायमशीन दोन माणसांनी उचलून आणलं, खिडकीच्या उजेडात मांडलं. मी हे सगळं हेतू, उदाहरण, उपनय अशा क्रमानं पटवून दिलं. माझ्या बाबांच्या पाठशाळेत शिकलेलं न्यायशास्त्र विहिणीवर चालवायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

शेवटी पाळणा भिंतीला लागला. डोकं कुठल्या दिशेला करायचं, ते मात्र विहीणबाईंनी ठरवलं, त्यात माझं चाललं नाही. तह बरा झाला.

ओयदिनला पट्ट्यांत बांधलं आणि ती झोपलीसुद्धा. नाफिसा दांड्यावर काख टेकून ओणवी झाली, तसंच पाजलं. पोटावरचे टाके अजून ओढतात तिचे, पण मांडीवर घेण्यापेक्षा हे बरं म्हणते.

२५ फेब्रुवारी

टॉवेलचं कापड. आधी धुतलं, वाळवलं, पुन्हा धुतलं. शहाणपण आलंय! शोषतं तर असं की वाळवंट लाजेल. पण दोन पदर म्हणजे जाडी किती! नाफिसा आरशासमोर उभी राहिली, उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं.

“ओयीजान, ट्रॅक्टरचे दिवे दिसताहेत.”

हसली तरी. मी एक पदर काढला. तासाभरात डावीकडून पुन्हा ओली.

२७ फेब्रुवारी

शितावरून भाताची परीक्षा — स्थालीपुलाकन्याय. कापडाला लागू नाही. हातात घेतलेलं चार बोटं कापड लोण्यासारखं, शिवलं की घोंगडी.

१ मार्च

यांचा जुना रेनकोट कापला. युक्ती माझीच: आत टॉवेल, बाहेर रेनकोटचा पदर. दूध बाहेर जाणारच नाही!

हे दारात उभे. “पाऊस आला तर मी काय घालू?”

“बाहेर जाऊ नका. पाऊस घरातच आहे.”

तीस वर्षांच्या संसारात तोहिर एवढ्यावर गप्प बसायला शिकले आहेत. चहा घेऊन अंगणात गेले.

३ मार्च

रेनकोटनं दगा दिला. बाहेर थेंब आला नाही हे खरं. सगळं आत शिजलं. पोरीचं कातडं लाललाल, पुरळ. डावी बाजू दगडासारखी घट्ट, अंगात कणकण. गरम फडक्यानं शेकलं, वाटीत पिळून काढलं. तेवढा वेळ तिनं ओठ दाबून धरले होते. मी रेनकोटच्या चकत्या तंदूरमध्ये टाकणार होते, पण त्यात नान भाजायचे असतात. उकिरड्यावर.

कापड श्वास घेणारं हवं. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि सुचणं यांच्यामध्ये एक सून भाजून निघते.

५ मार्च

आज माझा संताप लिहायला ही शाई पुरणार नाही.

साध्या धुवट मांजरपाटाच्या नव्या चकत्या केल्या होत्या, मध्ये टॉवेल, कडा दुमडून बारीक टीप. देखण्या झाल्या होत्या! सकाळी बघते तर सगळ्यांच्या कडा सुटलेल्या, दोरे लोंबताहेत, जत्रेतले पिसारे जसे. एक दोरा ओयदिनच्या ओठाला चिकटलेला. मी मशीनला शिव्या घातल्या, रिळाला घातल्या, दोरा विकणाऱ्याच्या सात पिढ्यांना घातल्या. मग नाफिसा हळूच म्हणाली, “काल तुम्ही स्वयंपाकघरात होता तेव्हा आई बसली होती इथे. कात्री घेऊन.”

विहीणबाईंनी उसवल्या! एकूण एक!

फोन केला. त्यांनी नाकबूल केलं नाही, उलट मलाच झापलं.

“चिल्ल्यात बाळाच्या अंगाला लागतं त्याची कड दुमडायची नसते, विहीणबाई. तीस वर्षं इथे राहता! पहिल्या अंगड्याची कड कोणी दुमडतं का? आयुष्य दुमडतं पोराचं.”

“ते अंगडं. हे बाळाच्या अंगात नाही, आईच्या अंगात आहे.”

“आणि बाळाचं तोंड कुठे असतं?”

“दोरा गिळला असता तिनं,” म्हटलं.

“मग दोरा सुटणार नाही असं कापड घ्या ना. एवढा बाजार पालथा घालता!”

फोन ठेवला. म्हणजे आपटला. पण पुन्हा कडा दुमडायला हात झाला नाही. माझ्या लेकाच्या, सार्दोरच्या वेळी मीही अंगड्याची कड तशीच सोडली होती. सासूबाईंनी सांगितलं म्हणून, असं तेव्हा म्हणत असे. खरं म्हणजे भीती वाटली होती. आताही वाटते.

६ मार्च

काही शिवलं नाही. कोणाशी बोलले नाही. मशीनवर झाकण.

८ मार्च

आज बायकांचा सण. सार्दोरनं बायकोला ट्यूलिप आणले, मला मिमोसा. नाफिसानं फुलं छातीशी धरून फोटो काढून घेतला. नंतर कळलं, फुलं डाग झाकायला होती.

९ मार्च

सापडलं! सापडलं!

गंजीफ्रॉक! सुती, विणीचा, धुऊन धुऊन विरलेला. कापला तरी त्याचा दोरा सुटत नाही, कड आपली आपण जराशी गुंडाळते आणि गप्प बसते. दुमडायला नको, टीप नको — आणि कातडीला लोण्यासारखा. मग पाठीमागे काय? माझा लोकरी स्वेटर, जो मागच्या हिवाळ्यात यांनी ‘मदत म्हणून’ उकळून काढला आणि जो आता मांजरालाही होणार नाही. आटलेली लोकरही उसवत नाही. हवा जाते, ओल जात नाही. मध्ये टॉवेलचा एकच पदर. मधोमध चार टाके, संपलं!

विहीणबाईंना सांगितलं — अभिमान गिळून. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग: “गंजीफ्रॉक कोणाचा?”

“सार्दोरचा.”

“छे! नव्या जिवाला म्हाताऱ्या माणसाचं कापड लागतं. दीर्घायुषी माणसाचं.” दुपारी स्वतः घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांचे सगळे गंजीफ्रॉक. म्हातारबाबा नव्वदीला टेकलेत आणि मार्गिलानमध्ये अजून थंडी आहे.

संध्याकाळी म्हातारबाबांचा निरोप आला: पणतीला माझं आयुष्य खुशाल द्या, पण एक बंडी परत पाठवा.

१२ मार्च

चकत्या उत्तम. याहून उत्तम चकती मला शिवता येणार नाही. पुरळ गेली, झग्यातून दिसत नाहीत, चिकटत नाहीत, दोरे नाहीत. विहीणबाईंनीही एक उलटसुलट करून पाहिली आणि “हं” म्हणाल्या. त्यांचं “हं” म्हणजे दुसऱ्याचं प्रशस्तिपत्र.

आणि तरी गळतंच आहे.

डावीकडूनच. उजव्या चकत्या जशाच्या तशा परत येतात — अजागलस्तन! शेळीच्या गळ्याला लोंबणारे आंचळ, शोभेपुरते. आणि डाव्या पिळाव्या लागतात. मी आता जोड्या शिवतच नाही. नुसत्या डाव्या शिवते, जाड. विहीणबाई म्हणतात, डावी बाजू काळजाची, माया तिकडूनच जास्त येणार. मी म्हटलं, मायेला जरा आवरतं घ्यायला सांगा, माझा स्वेटर संपत आला.

नाफिसा खाली बघून पोरीचे पट्टे बांधत होती. काहीतरी बोलेल असं वाटलं. तिनं पाळण्याला झोका दिला.

१४ मार्च

दवाखान्याची परिचारिका मावजुदा वजन करायला आली. काटा बघितला, पुन्हा बघितला. पोरीचं वजन वाढायला हवं तितकं वाढलेलं नाही.

“दूध पुरत नाही असं दिसतंय.”

“पुरत नाही? अगं बाई, आम्ही दुधात पोहतोय!”

“अंगावर गळतं ते बाळाच्या पोटात जात नाही ना, खाला,” मावजुदा म्हणाली. “आणखी आठवडाभर बघू. नाहीतर पावडर सुरू करा.”

ती गेल्यावर नाफिसा भिंतीकडे तोंड करून झोपली. मी पाठीवरून हात फिरवला तर म्हणाली, “भिजायचं पण मीच आणि पोरगी उपाशी ठेवायची पण मीच. गायसुद्धा बरी.”

मी म्हटलं, अगं, जरा जाड चकती करून बघते.

“चकतीनं काय होणार आहे, ओयीजान?” पहिल्यांदाच आवाज चढला तिचा. लगेच “माफ करा” म्हणाली. ते “माफ करा” जास्त लागलं.

१६ मार्च

अतलस आलं. विहीणबाईंनी खास विणून घेतलेलं — जांभळा, पिवळा, हिरवा, पाण्यात रंग सांडावेत तसे. नाफिसानं घालून बघितलं. इतकी सुंदर दिसली की आम्ही दोघी विहिणी एकमेकींशी भांडायचं विसरलो. मी आत नवी, सगळ्यांत जाड डावी चकती घातली होती. स्वेटरच्या बाहीचा शेवटचा तुकडा.

ओयदिन रडली. नुसता आवाज आला, आणि जांभळ्यावर काळा ठिपका उमटला, रुपयाएवढा, मग वाटीएवढा.

विहीणबाईंनी झगा काढून घेतला, गार पाण्यात धरला, चोळला, उन्हात धरला. डाग गेला नाही. “ओढणीखाली झाकेल,” म्हणाल्या. मग पलंगावर बसून लेकीचा हात हातात घेतला. “घे गोळ्या. मी नाही का तुला बाटलीवर वाढवलं? काय कमी पडलं तुला?”

नाफिसा म्हणाली, “काही नाही, आई.” आणि माझ्याकडे बघितलं. मी काय करू? माझ्याकडे कापड संपलंय. बुद्धीही.

१८ मार्च

सार्दोरनं गोळ्या आणल्या. पुडी माझ्याच हातात दिली — “आई, तू दे तिला. मला नाही जमणार.” लेक माझा, अवघड तेवढं आईकडे. मी नाफिसाला म्हटलं, उद्या सकाळी देते. ती हो म्हणाली. रडलेली होती, हे तिनं लपवलं आणि मी बघितलं नाही असं दाखवलं. एवढा शिष्टाचार दोघींनाही येतो.

पुडी मशीनच्या खणात टाकली. मग, का कोण जाणे, एक शेवटची चकती शिवायला बसले. म्हातारबाबांच्या बंडीतला एक तुकडा उरला होता. पाय मारला आणि मशीनचा पट्टा तुटला. सासूबाईंच्या वेळचा चामडी पट्टा! सपकन तुटून नडगीवर बसला.

पुरे झालं. फलालीन, टॉवेल, मांजरपाट, रेनकोट, लोकर — एक महिना मी या खोलीत खडखडाट केला आणि निष्पन्न काय? एक डागाळलेलं अतलस आणि उघडा म्हातारा. उद्या सकाळी पहिलं काम, हे धूड इथून हलवायचं. डोळ्यांसमोर नको. तोहिर आणि सार्दोर उचलतील. नव्या पाहुण्यांना बसायला जागा तरी होईल.

बदकांचं उरलेलं फलालीन आज लादी पुसायला घेतलं. पाणी छान शोषतंय आता.

१९ मार्च

मशीन अंगणात नेलं, ताडपत्रीखाली. मी गोळी द्यायला पाणी घेऊन आले तर नाफिसा टाक्यांवर एक हात धरून पाळणा ओढत होती — भिंतीपासून, मधल्या मोकळ्या जागेत. मी ओरडले. तिनं ऐकलं नाही. पलीकडे गेली, जिथे कालपर्यंत भिंत होती तिथे, गुडघे टेकले, दांड्यावर काख ठेवली आणि डावीकडून पाजलं. ओयदिनच्या घशाचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. गटागटा.

“पाळणा आल्यापासून इकडून बसताच येत नव्हतं, ओयीजान. पलीकडून नुसतं उजवीकडचंच पाजता यायचं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मशीन तुमचं होतं. आणि माझ्यासाठीच तर शिवत होता.”

मी पाण्याचा पेला धरून उभी. तिनंच विचारलं, पुडी कुठे आहे. मशीनच्या खणात, म्हटलं, बाहेर.

“राहू दे तिथेच.”